रिकामा रकाना

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या फळीवर दोन बाटल्या शेजारी-शेजारी असतात. एकीत आगळ, दुसरीत अमृत कोकम. रंग दोन्हींचा एकच, पिकून काळपट झालेल्या रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा. आगळात मीठ असतं आणि अमृत कोकमात साखर. घरात हे कुणाला कधी सांगावं लागलेलं नाही, म्हणून बाटल्यांवर चिठ्ठीही नव्हती.

गेल्या मार्चमध्ये एका दुपारी बाबा फोनशी बोलत होते. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी मीठ मोजून खायला सांगितलंय. मी ज्या एआय मदतनिसावर काम करते, तो चाचणीपुरता त्यांच्या फोनवर बसवून दिला होता. त्यांनी विचारलं, "माका कोकम चलात काय?" उत्तर आलं, कोकमात सोडियम 0 मिलिग्रॅम आहे, तुम्ही निर्धास्त घेऊ शकता.

आई सोलकढीसाठी नारळाचा रस काढत होती. आगळाची बाटली हातात तशीच धरून ती वळली. "ह्यात मीठ मी घातलंय. तेका काय म्हायत?"

त्याला माहीत नव्हतं हे खरंच होतं. त्याला सांगण्याचं काम माझं होतं, आणि ते मी नीट केलेलं नव्हतं.

सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहिती लिहिणं हा माझा व्यवसाय. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करते. पूर्वी माझे वाचक माणसं असायची. गेल्या वर्षभरात वाचक बदलला. आता मी बरंचसं एजंटांसाठी लिहिते. एजंट म्हणजे असं भाषेचं मॉडेल, ज्याला काही कामं स्वतः करायची मुभा असते आणि त्यासाठी काही टूल्स दिलेली असतात. अन्नपदार्थांची पोषणमूल्यं शोधून देणारं टूल हे त्यांपैकी एक. एजंटाला टूलच्या आतला कोड दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि त्याला काय-काय पुरवायचं त्याची यादी. एवढ्यावरून तो ठरवतो की हे टूल वापरायचं का, त्याला काय विचारायचं, आणि आलेलं उत्तर समोरच्याला कसं सांगायचं. नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटांना टूल्स जोडायची सामाईक पद्धत, आला, त्यामुळे हे वर्णन कुठल्या साच्यात मांडायचं ते ठरून गेलं. साच्यात काय भरायचं, ते मात्र लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

माणूस वाचताना शंका घेतो. आमच्या गावातल्या कुणीही "कोकम, सोडियम शून्य" असं वाचलं असतं तर आधी विचारलं असतं, कुठलं कोकम? आमसूल, आगळ, की सरबत? एजंटाने तो आकडा घेतला, आदबशीर मराठीत गुंडाळला आणि बाबांच्या हातात ठेवला. त्याच्यासमोर माझं एकच वाक्य होतं: "अन्नपदार्थाचं नाव द्या, त्यातली पोषकद्रव्यं मिळतील." हे वाक्य मी लिहिलं, दोघांनी तपासलं, कुणाला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. चुकीचं काही नव्हतंच. फक्त खूप काही सांगायचं राहून गेलं होतं.

ते शून्य कुठून आलं, ते मी त्याच रात्री शोधलं. मूळ नोंदीत सोडियमचा रकाना रिकामा होता. कुणी मोजलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या कोडमध्ये रिकाम्या जागी शून्य भरलं जात होतं, कारण पुढची गणितं करायला आकडा लागतो. मोजलं आणि काही सापडलं नाही, मोजलं पण नोंदवण्याइतकं सापडलं नाही, आणि मोजलंच नाही, या तीन गोष्टी छापील तक्त्यांत वेगळ्या दिसतात. कुठे शून्य असतं, कुठे अत्यल्प असल्याची खूण असते, कुठे जागा कोरी असते. आमच्या टूलमध्ये या तिन्हींचं एकच शून्य होत होतं. मीठ जपून खाणाऱ्या माणसाला यातला फरक कळणं जरुरीचं आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याच्या बाबतीत तर पोटॅशियमचं असंच. 100 ग्रॅम शहाळ्याच्या पाण्यात सुमारे 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तो रकाना कोरा राहिला आणि कुणीतरी त्यात शून्य भरलं, तर एजंट आजाऱ्याला शहाळं घ्यायचा सल्ला देऊन मोकळा होईल.

मग मी तक्त्यांकडेच वळले. आकडे येतात कुठून हे कळल्याशिवाय टूलविषयी लिहायचं नाही असं ठरवलं, आणि त्यात दोन आठवडे गेले. ते आठवडे मला फार आवडले.

भारतीय पदार्थांसाठी मुख्य आधार आहे तो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये काढलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांचा. त्यात 528 पदार्थ आहेत. देशाचे सहा विभाग पाडून नमुने गोळा केलेले, आणि पदार्थांची मराठीसह अनेक भारतीय भाषांतली नावं दिलेली. ही संस्था सुरू झाली ती 1918 मध्ये, कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत, बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी ते काम उभं केलं. पुढे 1958 मध्ये संस्था हैदराबादला आली. बेरीबेरी होतो तो थायमिनच्या, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळावरच भागवणाऱ्या लोकांत तो जास्त दिसायचा, कारण थायमिन असतं कोंड्यात आणि कोंडा गिरणीत निघून जातो.

हे वाचताना मला आमच्या आजीची पेज आठवली. उकड्या तांदळाची, जाडसर, लालसर, वर मीठ आणि बाजूला भाजलेला सुका बांगडा. लहानपणी मला त्या तांदळाचा वास आवडायचा नाही. मुंबईहून येणारे पाहुणे सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ आणायचे तो मला हवा असायचा. उकडा तांदूळ करताना भात सालासकट भिजवतात, उकडतात, वाळवतात आणि मग गिरणीत नेतात. उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत झिरपतं, त्यामुळे पुढे कोंडा गेला तरी बरंचसं आत राहतं. 2017 च्या तक्त्यांत पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळात 100 ग्रॅमला 0.05 मिलिग्रॅम थायमिन आहे, तर पॉलिश केलेल्या उकड्या तांदळात 0.17. आजीला बेरीबेरी हा शब्द माहीत नव्हता. ज्या आजारासाठी कुन्नूरला ती खोली उघडली, त्यावरचा उतारा आमच्या चुलीवर रोज सकाळी रटरटत होता, आणि आज त्याच संस्थेच्या तक्त्यातली ती ओळ मी टूलमध्ये नीट सापडावी म्हणून धडपडते आहे. मला हे सांगताना अजूनही भरून येतं.

पण एजंटाने नुसतं "तांदूळ" विचारलं तर टूलने कुठली ओळ द्यायची? आमचं टूल पहिली सापडेल ती देत होतं. आणि तांदूळ कच्चा की शिजलेला, हा प्रश्न त्याहून मोठा. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी असतात, 100 ग्रॅम भातात सुमारे 130. बाकीचं वजन पाण्याचं. माणूस ताटातल्या भाताविषयी विचारतो, तक्त्यातली ओळ कच्च्या दाण्याची असते, आणि उत्तर अडीच-पावणेतीन पटींनी चुकतं. पेजेचं तर विचारूच नका, तिच्यात दाणे किती आणि पाणी किती हे घराघरावर अवलंबून.

बोंबलाचंही तेच. ताज्या बोंबलात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी. तोच वलांडीवर उन्हात वाळवला की 100 ग्रॅममध्ये प्रथिनं साठ ग्रॅमच्या घरात जातात. नाव एक, मासा एक, आकडे दोन टोकांचे. बाजारात कुणी "बोंबील द्या" म्हटलं तर ओले का सुके हे विचारल्याशिवाय बाई हातही हलवत नाही. टूलने तसं करावं, एवढंच मला हवं होतं.

नावांसाठी मी खरोखरच बाजारात गेले, वही घेऊन. आमच्याकडे सुरमईला इसवण म्हणतात आणि कोळंबीला सुंगटां. हे तसं सोपं, समानार्थी शब्दांच्या यादीत घातलं की झालं. अडलं ते तारली आणि पेडव्यांपाशी. शब्दकोशात दोन्हींपुढे सार्डिन लिहिलेलं, म्हणून मी दोन्ही एका ओळीत टाकले होते. मासे विकणाऱ्या बाईंना ते वाचून दाखवलं तर त्यांनी पेडव्यांची पाटी माझ्यापुढे सरकवली. "ह्ये तारले? डोळे उघडून बघ गो." मी घरी येऊन ती ओळ दोन केली. बांगड्याचं वेगळंच. "मॅकरेल" म्हणून शोधलं की परदेशी माहितीसाठ्यात आधी अटलांटिक समुद्रातला मासा सापडतो. त्यात 100 ग्रॅमला 14 ग्रॅमच्या आसपास चरबी असते. तो आपला बांगडा नव्हे, वेगळ्या प्रजातीचा मासा आहे. आपल्या बांगड्याचं शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्टा. त्यातला कानागुर्टा हा शब्द तेलुगू किनाऱ्यावरच्या बोलीतला, तिथल्या लोकांच्या तोंडून तो युरोपीय अभ्यासकांच्या वहीत गेला आणि मग जगभरच्या पुस्तकांत. मासे विकणाऱ्या बाईंचा शब्द टूलच्या यादीत घालताना मला कसलाही संकोच वाटला नाही, तो यामुळेच.

एककांची गोष्ट लवकर संपवते, कारण तिच्यात रस कमी आणि धोका जास्त. 2017 च्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. नाचणीपुढे 1342 लिहिलंय. आमच्या एजंटाने चाचणीत एका आईला सांगितलं की बाळाच्या 100 ग्रॅम नाचणीत 1342 कॅलरी आहेत. 4.184 ने भागलं की 321 किलोकॅलरी येतात, बोलताना आपण त्यांनाच कॅलरी म्हणतो. टूल नुसता आकडा परत पाठवत होतं, पुढे एकक नव्हतं, आणि माझ्या वर्णनात त्याचा उल्लेख नव्हता. त्याच नाचणीचं कॅल्शियम संस्थेच्या जुन्या तक्त्यात 344 मिलिग्रॅम आहे आणि नव्यात 364. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. नमुने वेगळे, माती वेगळी, मोजण्याची साधनं वेगळी. म्हणून आता प्रत्येक आकड्यासोबत त्याचा तक्ता आणि वर्ष येतं. सोडियम आणि मीठ यांचाही असाच घोळ होतो. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. 5 ग्रॅम मीठ म्हणजे सुमारे 2000 मिलिग्रॅम सोडियम. एकाच्या जागी दुसरा शब्द पडला की हिशेब अडीच पटींनी फिरतो.

नवं वर्णन मी आधी मराठीत लिहिलं. टूलमध्ये ते इंग्रजीतच जातं, पण मराठीत लिहिलं तर आईला वाचून दाखवता येणार होतं, आणि ज्या घरात चूक झाली तिथेच ते तपासलं जावं असं मला वाटत होतं. ते साधारण असं होतं:

"हे टूल एका पदार्थाची पोषकद्रव्यं खाण्याजोग्या 100 ग्रॅम भागासाठी देतं. पदार्थाच्या नावासोबत त्याची स्थिती द्या: कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, खारवलेला, गोड केलेला. स्थिती माहीत नसेल आणि तिच्यामुळे उत्तर बदलणार असेल, तर टूल वापरण्याआधी माणसाला विचारा. टूल एकच नोंद न देता जवळच्या पाचपर्यंत नोंदी देतं. योग्य ती निवडा, आणि एकही जुळत नसेल तर तसं सांगा. 'मोजलेलं नाही' असं आलं तर ते शून्य समजू नका आणि शून्य म्हणून सांगू नका. घरी केलेल्या पदार्थात घातलेलं मीठ, साखर, तेल या नोंदींत नसतं. हे टूल एखादा पदार्थ आजाऱ्याला चालेल की नाही हे सांगत नाही."

आईने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "ह्या कोण वाचतला?" मी सांगितलं, मशीन. ती थोडा वेळ गप्प राहिली. "तेका जीभ नाय मां. मगे सगळा सांगूकच व्हया." आणि लगेच दुसरं: "वाटयेचा काय केलंस?"

वाटीचं मी काहीच केलं नव्हतं. आमच्या घरात दोन वाट्या मापाच्या म्हणून वापरतात. मी त्या पाण्याने भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. एकीत 150 ग्रॅम पाणी मावलं, दुसरीत 210. आई दोन्हींना वाटीच म्हणते, आणि कुठल्या पदार्थाला कुठली घ्यायची ते तिच्या हाताला ठाऊक आहे. म्हणून वर्णनात आणखी एक ओळ गेली: वाटी, मूठ, पळी अशी मापं आली तर ग्रॅममध्ये किती धरलंय ते उत्तरात स्पष्ट सांगा. तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, यांचं वजन कवचांसकट धरू नये, ही ओळही तिचीच.

चाचणीसाठी मी चाळीस प्रश्न तयार केले होते. जुन्या वर्णनावर आणि नव्या वर्णनावर तेच प्रश्न चालवले. आगळाचं, भाताचं, बोंबलाचं नीट झालं. पण एक नवीच पंचाईत उभी राहिली. एजंट फार विचारायला लागला. "केळ्यात किती कॅलरी?" म्हटलं तर जात कोणती, पिकलेलं किती, सालासकट वजन की सोलून, अशी सरबत्ती. उत्तर हवं असलेला माणूस तिथेच कंटाळेल आणि पुढच्या वेळी विचारणारच नाही, हेही नुकसानच. माझ्या पहिल्या मसुद्यात "स्थिती माहीत नसेल तर विचारा" एवढंच होतं. "आणि तिच्यामुळे उत्तर बदलणार असेल" हे शब्द त्या केळ्यामुळे आले. किती बदललं म्हणजे बदललं, यावर सहकाऱ्यांशी बरीच चर्चा झाली. माझं मत असं की सोडियम, पोटॅशियम आणि साखरेसाठी थोडा फरकही विचारण्याजोगा आहे, कारण तिथे प्रश्न विचारणारा बहुधा स्वतःच्या किंवा घरातल्या आजारासाठी विचारत असतो. केळ्याच्या कॅलरी पाच-दहाने इकडे-तिकडे झाल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. कोडमधलं शून्य भरणंही बंद झालं. त्यासाठी बऱ्याच जागी गणितं पुन्हा लिहावी लागली. ज्यांनी ती लिहिली त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

मे महिन्यात परसातले रातांबे पिकले. आईने ते फोडले. सालं आमसुलांसाठी वेगळी, बिया मुठेलासाठी, म्हणजे कोकमाच्या तेलासाठी, पुढे वाळत घालायच्या, आणि गर आगळासाठी बरणीत. दर वर्षी ती गरावर मिठाचे थर देते, ओंजळीने, नजरेने. मीठ शिरोड्याकडचं, जाड. 1930 साली ज्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तिथलं. या वर्षी ती ओंजळ भरून थांबली आणि मला म्हणाली, "काटो हाड." म्हणजे वजनकाटा आण.

रातांब्याचा गर 3 किलो भरला आणि मीठ 500 ग्रॅम. आठवडाभर ती रोज लाकडी पळीने ढवळत होती, मग गाळलं. साडेतीन किलोमध्ये 500 ग्रॅम मीठ, म्हणजे 100 ग्रॅम आगळात साधारण 14 ग्रॅम. सोडियम साडेपाच हजार मिलिग्रॅमच्या वर. गाळल्यावर हे थोडं बदलेल, पण बाबांना अंदाज यायला पुरेसं. 10 ग्रॅम आगळ सोलकढीत गेलं तरी साडेपाचशे मिलिग्रॅम. बाबांनी हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला आणि त्या दिवशी सोलकढीची अर्धीच वाटी घेतली. लहान वाटी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनला तोच मार्चमधला प्रश्न विचारला. त्याने विचारलं, आमसूल, आगळ की गोड सरबत? बाबा म्हणाले, आगळ, घरचां. त्याने सांगितलं की घरच्या आगळाची नोंद त्याच्याकडे नाही, आगळात मीठ घालतात, किती घातलंय ते करणाऱ्या व्यक्तीला विचारा, आणि तुम्हाला चालेल का हे डॉक्टरांना. बाबांनी फोन आईकडे वळवला.

ती जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून बाटल्यांना चिकटवत होती. आगळाच्या चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं: आगळ, मे महिन्याचं, गर 3 किलो, मीठ 500 ग्रॅम. बाटली फळीवर ठेवता-ठेवता ती थांबली, पेन पुन्हा घेतलं आणि खाली अजून एक ओळ घातली: साखर अजिबात घालूक नाय.